हाकललेल्यांची ओसरी

“आज कुठून हाकललं?” मटार सोलता सोलता आक्काने विचारलं.

बाइंडरने चष्मा कपाळावर सरकवला. “पुस्तकबांधणीच्या नेटवरच्या समूहातून. अकरा वर्षं होतो गं तिथे.”

“काय केलंस असं?”

“काय करणार! म्हटलं, ही जागा कंपनीची. उद्या कुलूप घातलं की आपण रस्त्यावर. त्यापेक्षा माझ्या ओसरीवर या. तिथला प्रोग्रॅम खुला आहे, कुणीही उघडून वाचावा. मालक नाही, जाहिरात नाही.”

“म्हणजे जाहिरात नसलेल्या जागेची जाहिरात केलीस. तीही चाळीस वेळा.”

तो हसला, पण उगीचच. दुकान बंद झाल्यापासून त्याच्या बोटांना काम नव्हतं, अन् जिभेलाही. खळ किती दाट शिजवावी यावर तासन् तास भांडणारी माणसं होती ती सगळी त्या समूहात. आता ते दारही लागलं. ओसरीच्या पानावर कोपऱ्यात आकडा होता: सदस्य एक. तो एक म्हणजे तोच.

समूहाच्या पानाखाली मात्र एक यादी अजून दिसत होती. ‘काढलेले सदस्य’. त्याच्या नावाच्या वर आणखी सत्तावीस नावं. कारण कुणापुढेच नव्हतं. त्याला एकदम हुरूप आला. आपल्यासारखेच फटकळ दिसतात हे! एका बैठकीत त्याने सत्तावीस निमंत्रणं धाडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली आली ती यादीतली दोरेवाली. तिने लिहिलं, “बोलावलंत, बरं केलंत. फार दिवसांत कुणी हाक मारली नव्हती.”

मग कातडीवाले काका आले. मग इतर. आठवड्यात सत्तावीसच्या सत्तावीस.

ओसरी भरली. पानं शिवायची सुई कशी धरावी, जुन्या पुस्तकाचा कणा न दुखवता कसा सोडवावा, बोलणं झुळझुळ वाहू लागलं. कुणाला घाई नाही, कुणाचा आवाज चढत नाही. नावांपुढचे हिरवे ठिपके सकाळी उघडावं तर तेवत असत, संध्याकाळी पाहावं तरी तसेच. एवढंच की फोटो कुणी टाकत नसे.

“हातातलं काम दाखवा की कुणीतरी,” तो एकदा म्हणाला.

“आता हाती काही नाही, बाबा,” कातडीवाले काका म्हणाले. “तुमचंच बघू.”

आक्का आधी लांबून नाकं मुरडायची. मग ती खुर्ची ओढून बसू लागली, मोठ्याने वाचू लागली. गुडघ्यांचं दुखणं काढलं की दोरेवाली तिला लिहायची, “इकडे या हो आक्का. इथे काही दुखत नाही.”

“गोड आहे रे बाई,” आक्का म्हणाली. “माझंही नाव घाल.”

त्याने घातलं. त्याच दिवशी छाती फुगवून त्याने समूह सांभाळणाऱ्या बाईंना पत्र लिहिलं: ‘जाहिरातीचं निमित्त करून अठ्ठावीस गुणी माणसं घालवलीत. आता सगळी माझ्याकडे सुखात नांदताहेत!’

उत्तर आलं तेव्हा उन्हं कलली होती. आक्का आतल्या खोलीत फोन घेऊन पडली होती.

“अरे, ऐकलंस का?” ती आतून हसत म्हणाली. “म्हणतात, माझ्यासाठी जागा धरून ठेवलीय!”

“बस की मग,” तो म्हणाला आणि पत्र उघडलं.

‘दादा, राग नसावा. जाहिरातीपायी मी आजवर एकट्या तुम्हालाच काढलं. बाकी सत्तावीस नावं घरच्यांचा फोन येईल तसतशी, डोळे पुसत काढली. दोरेवालीला तर मी स्वतः खांदा दिला.’