शालीवरची जकात

“भेट हाय म्हन्ता, मग पैसं कशापायी?” मरियाबाईनं पुन्हा विचारलं.

नेवाशाचे पोस्टमास्तर नुकतेच बदलून आले होते. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. “बाई, माल परदेशातून आला की सरकारची जकात लागते. विकतचा असो की भेटीचा. भरा, नाहीतर पार्सल परत इटलीला जाईल.”

इटली. तिच्या लेकाला, प्रभुदासाला, लढाईनं तिथंच गिळलं होतं. आधी बेपत्ता म्हणून तार आली, मग पलटणीनं त्याला मयत धरलं. लढाई संपली, गावातले बाकीचे शिपाई परतले, तरी मरियाबाई मानायला तयार नव्हती. सून हन्ना तिच्याजवळच राहत होती. अकोल्याचे विधुर कृपादान मास्तर हन्नाला मागणी घालायला आले, तेव्हा मरियाबाईनं त्यांना उंबऱ्यावरूनच परतवून लावलं. “माझा परभू येनार हाय.” हन्ना खाली मान घालून ऐकत होती.

पार्सलवर धाडणाऱ्या बाईचं नाव होतं. ते पोस्टमास्तरांनाही धड वाचता येईना.

“कोण असेल ही?”

“मला काय ठावं? तिथं माझं कोन न्हाई.”

घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात नुसता गुंता झाला. पत्ताच चुकला असेल का? की मरताना परभूला हिनं पाणी पाजलं? परकी बाई परक्या म्हातारीला काय म्हणून भेट धाडेल? उलगडा होईना. शेवटी तिनं घोडेगावच्या बाजारात दुभती शेळी विकली आणि जकात भरली.

पोस्टातच तिनं सुतळी सोडली. आत लोकरीची काळी शाल निघाली. शालीच्या घडीत एक फोटो. तो मरियाबाईनं उजेडाकडं धरला.

“ओळखीचं कुणी आहे?” पोस्टमास्तरांनी खिडकीआडून विचारलं.

“न्हाई,” ती म्हणाली आणि फोटो तिनं चोळीत सरकवला.

घरी हन्ना भाकरी थापत होती. मरियाबाईनं शाल तिच्या खांद्यावर टाकली.

“कुनी धाडली, आत्याबाई?”

“हाय एक बाई. परभूला तिनंच सांभाळलं, तिकडं.” मरियाबाई चुलीपाशी टेकली. “कृपादान मास्तरला निरोप धाड. व्हय म्हनून सांग.”

हन्नाचा हात परातीत थांबला. “तुमीच म्हनत हुता, ते येतील.”

“चुकले मी. तुझी उमर वाया घालवली. माझा परभू गेला, पोरी.”

हन्ना तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मग डोळे पुसून घागर घेऊन आडावर गेली.

मरियाबाईनं फोटो काढला, एकदा डोळ्यांजवळ नेला आणि चुलीत सारला. आधी गोरी बाई काळवंडली, मग तिच्या मांडीवरचं तान्हं, आणि सगळ्यांत शेवटी, त्या दोघांमागं उभा राहून हसणारा प्रभुदास.