डावी बाजू वर

नणंदेने परदेशातून एकच स्वेटर पाठवला आणि नवरा-बायकोत जुंपली. नवरा कस्टममध्ये, बाहेरून आलेले विणलेले कपडे कुठल्या गटात टाकायचे, हे ठरवण्यात त्याची हयात गेलेली. त्याने बटणं लावून पाहिली आणि निकाल दिला, "डावी बाजू उजवीवर येते, म्हणजे पुरुषांचा. कायदाच आहे तसा."

"आणि कायद्याला ठरवताच आलं नाही तर?"

"तर बायकांचा धरतात. पण इथे प्रश्नच नाही," म्हणत त्याने स्वेटर आपल्या कप्प्यात ठेवला.

आठवड्याने थंडी पडली. कप्पा रिकामा! बायको तोच स्वेटर घालून समोर उभी. बटणपट्टी उसवून मधोमध गळ्यापर्यंत चेन लावलेली.

"अहो साहेब," चेन वर ओढत ती म्हणाली, "ठरवा आता, कुठली बाजू वर?"