फरशी तापत नाही

मुलानं बाबांच्या खोलीत फरशीखाली हीटिंगची वायर स्वतःच अंथरली आणि जोडणी तपासायला इलेक्ट्रिशियन बाईंना बोलावलं. त्या आल्या तेव्हा बाबा खोलीच्या मधोमध अनवाणी उभे होते.

"फरशीत करंट तर उतरत नाही ना?" मुलाचा जीव टांगणीला लागला होता.

बाईंनी मीटर लावून पाहिला. "अर्थिंग व्यवस्थित आहे. पण फरशीचा सेन्सर कुठाय? ती किती तापली ते कसं कळणार?"

"बाबा सांगतायत की. तासभर उभे आहेत, पण फरशी गारच आहे म्हणतात." त्यानं भिंतीवरचं बटण आणखी फिरवलं. "आता, बाबा?"

"नाही रे. तुझ्या तारांत दम नाही."

बाई जोड बघायला वाकल्या. तळहात फरशीला टेकला आणि त्यांनी तो झटकन मागे घेतला. धावत जाऊन त्यांनी मेन स्विच बंद केला.

"यांना आधी पलंगावर बसवा," त्या म्हणाल्या.

मुलानं बाबांचे पाय वर घेतले. तळवे लालबुंद झाले होते, टाचांवर फोड आले होते. "बाबा, एवढं भाजलं तरी बोलला नाहीत?"

बाबा स्वतःच्या पायांकडे परक्यासारखे बघत राहिले.

"वर्ष झालं, पायांना काही कळतच नाही," ते हळूच म्हणाले. "तुझी फरशी तापली की कळेल, अशी आशा होती."