फोटोत मावेल एवढा समुद्र

सिंगापूरच्या क्रूझला निघायच्या सकाळीच रामाजींचा पासपोर्ट सापडेना. पण तोवर गल्लीनं हार घातले होते, पेढे खाल्ले होते, आणि जहाजावर हात जोडून उभ्या असलेल्या रामाजी-रुखमाबाईंचा फ्लेक्स चौकात लागला होता. आता घरी राहणं म्हणजे वर्षभर गल्लीची करमणूक. दोघं बॅगांसकट ऑटोत बसले, सगळ्यांना टाटा केला आणि विमानतळाऐवजी खाप्याला, रुखमाबाईंच्या बहिणीकडे जाऊन उतरले.

फोटोत: पाणी, पाणी आणि गॉगल लावलेले रामाजी. खाली ओळ, ‘भर समुद्रातून सर्वांना नमस्कार!’

फोटोबाहेर: कन्हान नदी. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून मोबाइल धरलेल्या रुखमाबाई.

“हासा ना जी जरा! पासपोर्ट हरवला तुमीच, अन् तोंड पाडून राहिले तुमीच!”

“अवं, म्हशी येऊन राहिल्या तुह्या मांगून. काढ लवकर!”

फोटो गल्लीच्या ग्रुपवर गेला. धडाधड अंगठे आले, टाळ्या आल्या, कोणीतरी ‘जपून, लाटा मोठ्या दिसतात’ असंही लिहिलं. रामाजींनी सुटकेचा निःश्वास सोडला.

तेवढ्यात शेजारच्या मिनलचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, एकट्या रामाजींना.

“काकाजी, फोटोत मांगं पूल दिसून राहिला. लवकर डिलीट करा अन् खालच्या घाटावर जा. आमचं मागच्या वर्षीचं बाली तिथंच झालं.”