आवाज : तीनदा, स्पष्ट

डॉक्टरांनी फाईल उघडली आणि तिच्याकडे न बघताच सांगून टाकलं, "गोळी कमी करता येणार नाही. एकशे बारा नंबरला पुन्हा आवाज ऐकू यायला लागलेत."

एकशे बारा नंबर त्यांच्या समोरच बसली होती. दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा आजारी पडली, तिला या संशोधनात घेतलं गेलं, आणि तेव्हापासून या मजल्यावर तिला नाव उरलं नाही. सलग सहा महिने आवाज आले नाहीत तर गोळी निम्मी करायची, असा इथला नियम. तिचे सात झाले होते. ती मामाच्या दुकानात मनगटी घड्याळं दुरुस्त करायची, आणि फार छान करायची. पण या गोळीने हात असे थरथरायला लागले की मामाने तिला भिंतीवरच्या घड्याळांचे सेल बदलायला बसवलं. सेल काय, कोणीही बदलतं.

"कुठले आवाज?" तिने विचारलं.

"ते तुम्हीच सांगितलंत. मागच्या महिन्यातल्या फोनवर." डॉक्टर कागदावरचं वाचू लागले. "आवाज येतात : होय. किती वेळा : तीनदा. कसे : स्पष्ट."

"मी असं काहीही बोलले नाही."

"बोललेलं नाकबूल करणं," कागदाच्या कडेला काहीतरी खरडत डॉक्टर म्हणाले, "हेही लक्षणच असतं."

शेजारच्या खुर्चीत मामा अंग चोरून बसला होता. दुकानात गिऱ्हाइकाशी तावातावाने भांडणारा हा माणूस, पांढरा कोट दिसला की शेपूट घालायचा. "सर म्हणतायत तर असेल गं," तो कुजबुजला. "उलट नको बोलूस."

तिला मामाची कीव आली. डॉक्टरांची तेवढीही आली नाही. आजाराला अगदी सुरुवातीलाच कसं पकडावं यावर देशोदेशी भाषणं ठोकत फिरणारा हा गृहस्थ समोरच्या माणसाचं एक वाक्य कधी शेवटपर्यंत ऐकून घेत नसे. भिंतीवर त्याचे स्वतःचेच सात फोटो होते आणि सातही फोटोंत तो माईकसमोर उभा होता.

"फोन कोणी केला होता?" तिने विचारलं.

दाराजवळच्या टेबलाशी बसून पेशंटना फोन करणाऱ्या, फॉर्म सांभाळणाऱ्या बाईंनी मान वर केली. "मीच. पण फॉर्म मी नाही भरत. बोलणं रेकॉर्ड होतं. ते दुसऱ्या खोलीत ऐकतात आणि भरतात. पेशंटला ओळखणाऱ्याने भरायचा नाही, असा नियम आहे."

"त्या दिवशी लाइन खराब होती. आठवतंय?"

"हो तर. सारखी तुटत होती."

"मग तुम्ही मला सारखं काय विचारत होतात?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"अगबाई," त्या म्हणाल्या. "आवाज येतोय का, असं विचारत होते."

"किती वेळा?"

"तीनदा."

"आणि मी काय म्हणाले?"

"येतोय, येतोय. अगदी स्पष्ट येतोय." बाईंचा चेहरा पार उतरला होता. "सर, ते फोनचं होतं हो."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. चूक त्यांच्या लक्षात आली होती, यात शंका नाही. ती गिळायला त्यांना फक्त चष्मा पुसण्याइतकाच वेळ लागला.

"हे बघा," ते म्हणाले, "आता आकडे पक्के झालेत. शुक्रवारी परिषदेत निबंध वाचायचाय. एका नंबरसाठी सगळा तक्ता पुन्हा कोण मांडणार? सहा महिन्यांनी पुढची फेरी आहेच. तोवर गोळी चालू द्या. तुमचं नुकसान काय आहे?"

तिच्या मस्तकात तिडीक गेली. आजारपणात तिने नाही नाही ते आवाज ऐकले होते, शिव्या देणारे, धमकावणारे. पण इतका निर्लज्ज त्यांतला एकही नव्हता.

"मला तुमच्या संशोधनातून बाहेर पडायचंय," ती म्हणाली. "गोळ्या नाही सोडत मी, तेवढं कळतं मला. खालच्या ओपीडीतल्या डॉक्टरबाई बघतील किती कमी करायच्या ते. त्यांच्याकडे रांग असते, पण त्या ऐकून घेतात."

"अगं, असं काय करतेस?" मामा म्हणाला.

"मामा, तू थांब जरा."

बाईंनी कोणी न सांगताच माघारीचा फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून तिने सही केली. तरी पेन नाचलंच.

डॉक्टरांनी तो कागद ओढून घेतला आणि फाईलमधल्या जुन्या संमतीपत्राशेजारी ठेवला. संमतीपत्रावरची सही गोळी सुरू व्हायच्या आधीची होती, बारीक, सुबक, एका दमात केलेली. नवी सही शाईत पडलेली मुंगी कागदावरून चालत गेल्यासारखी दिसत होती. डॉक्टरांनी दोन्ही सह्यांवरून बोट फिरवलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं, आणि ते खुशीत होते.

"सही जुळत नाही," ते म्हणाले. "माघार मान्य करता येणार नाही. ही तुमची सही नाही."

ती उठली. मामाची पिशवी उचलून तिने त्याच्या हातात दिली.

"नाहीच आहे माझी," ती म्हणाली. "तुमच्या गोळीने केलीय. लावा फाईलला."