जोडीची कॉइल

"सर, चूक माझी आहे," मी म्हणाले आणि नळीमागून निघालेल्या लाल वायरीवर बोट ठेवलं.

सोनटक्के सर बारा वर्षं शीतसंलयनाच्या त्या नळीवर राबत होते. बाहेरून गुंडाळलेल्या कॉइलने नळी तापवायची, मग आतल्या निकेलच्या पुडीत हायड्रोजनचे अणू जुळून स्वतःची उष्णता देतील, असा त्यांचा विश्वास. कॉइल गुंडाळायचं काम माझं. आजवर जेवढी वीज आत गेली, तेवढीच उष्णता बाहेर आली. गेल्या आठवड्यात मात्र पहिल्यांदाच दीडपट आली. सरांनी चक्क मीटरला हात जोडले होते.

आज सकाळी पाहुण्यांसाठी टेबल पुसताना ती वायर दिसली आणि चूक लक्षात आली. आमच्या विजेच्या शेगड्यांच्या दुकानात एक कॉइल तुटली तरी काम अडू नये म्हणून जोडीला दुसरी घालतात. गेल्या आठवड्यात कॉइल नव्याने गुंडाळताना हाताच्या सवयीने मी तशी इथेही घातली आणि तिची वायर थेट बोर्डाला जोडली. तिची वीज मीटरमधून जातच नव्हती; जास्तीची उष्णता तिचीच होती.

सरांनी ती वायर बोटाने बोर्डापर्यंत तपासली. बाहेर गाडी थांबली. तपासणीला आलेले शास्त्रज्ञ उतरत होते.

"कुंदाताई, स्क्रूड्रायव्हर द्या."

माझ्या जिवात जीव आला. मी पटकन दिला.

सर वाकले आणि त्यांनी त्या वायरीचा स्क्रू आणखी घट्ट आवळला.