आग का माती

जांबोटीत रुक्माबाईच्या खाटेशी तिचे दोन लेक भांडत होते. आईला जाळायचं का पुरायचं?

"माझ्यासंगं प्रार्थनेला येत हुती ती. पुरायचीच," बाप्तिस्मा घेतलेला धाकटा स्वरूप म्हणाला.

"तिच्या हातावर तुळस गोंदलीया. चालती व्हय रं तुमच्यात?" थोरल्या नागेंद्रनं विचारलं.

"गोंदणं पापच हाय. पण येशूनं सगळं धुतलं."

"तुमचा नाताळ म्हंजे रोमन लोकांच्या सूर्यदेवाचा सण. येशूची गोष्टपण जुन्या देवांचीच उचललेली."

"मोबाईलवरचं वाचून मला शिकवू नगंस, अण्णा."

दुपार कलली तरी दोघं हटेनात.


"मेल्यावर काय ते करा रं," खाटेवरनं आवाज आला. "आत्ता मला कुशीवर करा. सकाळपासनं पाठ ठणकतीया."